गज श्वास घेतो तेव्हा : तार्तिनीचं पत्र आणि इटलीची व्हायोलिन-ऑपेरा परंपरा

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतलाय.

मी अकरा वर्षं व्हायोलिन शिकतोय. आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. पहिले सहा महिने गुरुजींनी एकही अलंकार दिला नाही. नुसता सा. मोकळ्या तारेवर गज मुठीपासून टोकापर्यंत न्यायचा आणि तसाच परत आणायचा. गज टेकताना जो खर्र असा ओरखडा उमटतो तो पूर्ण जाईपर्यंत पुढचं काही नाही, असा दंडक होता. माझा ओरखडा जायला चार महिने लागले. मग पावसाळा आला, गजाचे केस सैल पडले, राळ चिकट झाली आणि गेलेला ओरखडा परत आला.

गेल्या महिन्यात तार्तिनीचं एक पत्र वाचलं आणि अंगावर काटा आला. जुझेप्पे तार्तिनी (१६९२–१७७०) पादुआ शहरातल्या सेंट अँथनीच्या बॅसिलिकातला, म्हणजे मोठ्या चर्चमधला, प्रमुख व्हायोलिनवादक. युरोपभरातून मुलं त्याच्याकडे शिकायला येत, म्हणून त्याच्या शाळेला ‘राष्ट्रांची शाळा’ म्हणत. हे पत्र त्यानं ५ मार्च १७६० रोजी माद्दालेना लोम्बार्दिनी या चौदा वर्षांच्या मुलीला लिहिलं. ती व्हेनिसमधल्या मेन्दिकान्ती या धर्मादाय संस्थेत राहून संगीत शिकत होती. गुरू पादुआत, शिष्या व्हेनिसात, म्हणून धडा टपालानं.

आणि धडा काय? मोकळ्या तारेवर गज. सुरुवात इतकी हळू की सूर जणू श्वासातून निघावा, तारेवर काही आपटल्यासारखा येऊ नये. मग आवाज हळूहळू वाढवत पूर्ण ताकदीपर्यंत न्यायचा आणि तसाच हळूहळू विरू द्यायचा. गज खाली नेताना आणि वर आणताना दोन्हीकडे सारखंच. रोज किमान एक तास, पण सलग नाही, थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी. हे साधलं की बाकीचं सोपं, असं तो तिला सांगतो.

२६० वर्षांपूर्वीचं पादुआ आणि आमच्या सदाशिव पेठेतली खोली. एकमेकांची खबर नसताना दोन्हीकडे पहिला धडा तोच. इटलीत ज्याला ‘मेस्सा दी व्होचे’ म्हणतात, म्हणजे एकच स्वर फुगवत नेऊन परत बारीक करणं, ते मुळात गायकांच्या रियाजाचं अंग. तार्तिनीनं ते गजात आणलं. आपण ‘गायकी अंग’ म्हणतो ते याहून वेगळं काय?

माझं म्हणणं थोडक्यात असं: इटलीचे वादक, रचनाकार आणि पुढे आलेले कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून काठीच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणारे, ही तीन वेगळी घराणी नाहीत. गळ्याचा श्वास आधी गजात आला आणि गजातून कंडक्टरच्या काठीत गेला. आर्कांजेलो कोरेल्लीच (१६५३–१७१३) घ्या. रोममध्ये तो स्वतः व्हायोलिन वाजवत ताफा चालवायचा. सगळ्यांचे गज एकाच वेळी एकाच दिशेला गेले पाहिजेत यावर तो अडून बसे. तालमीत एकाचा जरी गज उलटा गेलेला दिसला तरी थांबवायचा, असं त्याचा शिष्य जेमिनियानीनं सांगून ठेवलंय. आज कुठल्याही ऑर्केस्ट्रात वीस-पंचवीस गज एका रेषेत हलताना दिसतात, त्या दृश्याचं मूळ मला तिथं दिसतं. एकत्र गज म्हणजे एकत्र श्वास.

तुम्ही काय ऐकलंय, काय पाहिलंय, जरूर लिहा. पाश्चात्त्य संगीत शिकलेल्यांनी माझ्या चुका दुरुस्त कराव्यात.

---

कैरीची_डाळ

सुंदर धागा! त्या मुलीचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं होतं. माद्दालेना व्हायोलिनवादक लुदोविको सिर्मेनशी लग्न करून व्हेनिसबाहेर पडली, १७६८ मध्ये पॅरिसच्या प्रतिष्ठित ‘कॉन्सेर स्पिरितुएल’ मालिकेत वाजवलं, आणि व्हायोलिनचे सहा कॉन्चेर्तो (एक प्रमुख वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना) स्वतः रचले. तार्तिनीचं पत्र पोहोचलं म्हणायचं ते असं.

व्हेनिसमध्ये अशा चार संस्था होत्या. त्यातली पिएता सगळ्यात प्रसिद्ध, कारण तिथं विवाल्दी शिकवायचा. अंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१) १७०३ मध्ये धर्मगुरू झाला आणि त्याच वर्षी पिएतात व्हायोलिनशिक्षक म्हणून लागला. केस लाल, म्हणून लोक त्याला ‘लाल पाद्री’ म्हणत. वडील आधी न्हावी होते, नंतर सेंट मार्कच्या चर्चमध्ये व्हायोलिनवादक झाले.

पिएतात टाकून दिलेली तान्ही मुलं येत. मूल ठेवून जाणारी आई कधीकधी एखादं पदक किंवा खेळातला पत्ता अर्धा कापून बाळासोबत ठेवायची आणि उरलेला अर्धा स्वतःजवळ जपायची. कधी परत न्यायला आली तर दोन तुकडे जुळवून ओळख पटावी म्हणून. ते अर्धे तुकडे व्हेनिसमध्ये अजून जपून ठेवलेत. मी ते फोटोत पाहिले आणि पुढचा अर्धा तास दुसरं काही करू शकले नाही. त्यातल्या बहुतेकांचा दुसरा अर्धा कधी आलाच नाही.

या मुलींना आडनाव नसायचं. वाद्य हेच आडनाव. आन्ना मारिया ‘दाल व्हियोलिन’ ही त्यातली सर्वांत नावाजलेली. विवाल्दीनं खास तिच्यासाठी कित्येक कॉन्चेर्तो लिहिले. मुली जाळीआड उभ्या राहून वाजवायच्या, श्रोत्यांना चेहरे दिसायचे नाहीत. आईनं सोडलेली, नाव नसलेली, चेहरा झाकलेली मुलगी, आणि तिचं वाजवणं ऐकायला युरोपभरातून माणसं यायची. विवाल्दीचं ‘फोर सीझन्स’ लिफ्टमध्ये आणि फोनच्या धूनमध्ये ऐकून ज्यांना कंटाळा आलाय, त्यांनी हे मनात धरून ‘विंटर’चा मधला संथ भाग परत ऐकावा. खाली तारा छेडून पावसाचे थेंब पडतायत आणि वर एकटं व्हायोलिन गातंय.

---

तानपुऱ्याची_जवारी

मंद्रसप्तक, अनुमोदन. तार्तिनीचा विषय निघालाच आहे तर त्याचा ‘तिसरा सूर’ विसरू नका. दोन तारा एकदम वाजवल्या की खाली एक तिसरा सूर ऐकू येतो, तो त्यानं नोंदवला आणि १७५४ च्या ग्रंथात त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार निघतो, तोच हा प्रकार ना?

---

ध्वनिलहरी

नाही, दोन्ही वेगळे. तानपुऱ्यातला गंधार तारेतच असतो. खर्जाच्या तारेच्या मूळ कंपनाची पाचपट कंपनं म्हणजे गंधार, जवारीमुळे तो उठून दिसतो. तो मूळ सुराच्या वर असतो. तार्तिनीचा सूर दोन सुरांच्या कंपनसंख्येतल्या फरकाएवढा असतो आणि दोघांच्याही खाली ऐकू येतो. एक सूर सेकंदाला ३०० कंपनांचा आणि दुसरा २०० चा असेल तर १०० चा तिसरा. कानाच्या आतल्या रचनेचा यात मोठा वाटा आहे.

तार्तिनीला यातलं भौतिकशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्याचा उपयोग त्यानं अचूक हेरला. दोन तारा वाजवताना तिसरा सूर ऐकू आला नाही तर तुमची जोडी बेसूर आहे, असं तो विद्यार्थ्यांना सांगे. सूर तपासायचं यंत्र ज्याच्या त्याच्या कानातच.

---

तानपुऱ्याची_जवारी

धन्यवाद, इतकं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं. आज रात्री करून बघतो.

---

उभा_छेद

लेख छान, पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही. कोरेल्ली, विवाल्दी, तार्तिनी स्वतः वाजवत होते, त्यांचा श्वास गजात आला हे मान्य. पण कंडक्टर तर एकही सूर वाजवत नाही! तो काठी हलवतो आणि टाळ्या घेतो. ऐंशी कसलेले वादक समोर कागद घेऊन बसलेत, त्यांना ताल दाखवायला माणूस कशाला? आपल्याकडे तबलजी आणि गवई डोळ्यांनी बोलतात, मध्ये कुणी लागत नाही. हा प्रश्न खोचक म्हणून विचारत नाहीये, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

मंद्रसप्तक

उभा_छेद, प्रश्न रास्त आहे. मलाही बरीच वर्षं हाच पडलेला.

आधी इतिहास. अठराव्या शतकातल्या ऑपेरात, म्हणजे गाण्यातून चालणाऱ्या नाटकात, काठीवाला नव्हताच. एक जण कळफलकाच्या वाद्यावर बसून गायकांना सांभाळायचा आणि पहिला व्हायोलिनवादक गजानं ताफा चालवायचा. पुढे वाद्यं वाढली, ऑपेराची रचना गुंतागुंतीची झाली, आणि वाजवता वाजवता हे सगळं हाकणं अशक्य झालं. इटलीत या स्थित्यंतरातलं मोठं नाव आंजेलो मारिआनी (१८२१–१८७३). तो मुळात व्हायोलिनवादक. इटलीचा थोर ऑपेरारचनाकार वेर्दी याच्या ‘दोन कार्लो’चा इटलीतला पहिला प्रयोग त्यानं १८६७ मध्ये बोलोन्यात उभा केला, आणि १८७१ मध्ये जर्मन रचनाकार वाग्नरचं ‘लोहेनग्रिन’ही तिथंच. त्याच साली कैरोत वेर्दीच्याच ‘आइदा’चा जगातला पहिला प्रयोग ज्यानं चालवला तो जोव्हान्नी बोत्तेसिनी तर डबल बासचा जगप्रसिद्ध वादक. म्हणजे काठी हातात आली ती गज खाली ठेवून. ती आकाशातून पडली नाही.

आता तोस्कानिनी. आर्तुरो तोस्कानिनी (१८६७–१९५७) पार्माचा, शिंप्याचा मुलगा, वाद्य चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं, खर्जातलं वाद्य. १८८६ मध्ये एका फिरत्या इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर तो ब्राझीलला गेला. रिओत ३० जूनला ‘आइदा’ होतं. तिथल्या कंडक्टरचं कंपनीशी बिनसलेलं, तो बाजूला झाला. बदली माणूस उभा राहिला तर प्रेक्षकांनी ओरडून त्याला खाली उतरवलं. तेव्हा सहकाऱ्यांनी एकोणीस वर्षांच्या तोस्कानिनीला चेलो ठेवून पुढे ढकललं. त्यानं समोरची संहिता मिटली आणि पूर्ण ऑपेरा पाठ चालवला. त्याची नजर अधू होती, त्यामुळे पाठ करण्याची सवय त्याला आधीपासून होती. मला यातली खरी मोठी गोष्ट पुढची वाटते. इतकं यश मिळाल्यावरही १८८७ च्या फेब्रुवारीत मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात वेर्दीच्या ‘ओतेल्लो’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा हा माणूस वाद्यवृंदात चेलो घेऊन बसला होता. वेर्दी तालमी कशा घेतो ते आतून पाहायचं होतं म्हणून.

त्याच्या तालमींची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. आवाज घोगरा, राग अनावर, आणि परत परत एकच शब्द: ‘कान्तारे’. गा. व्हायोलिनांना सांगतोय गा, बासांना सांगतोय गा. स्वतः बेसूर गळ्यानं ओळ गाऊन दाखवतोय. ताल दाखवणं हे कंडक्टरचं सगळ्यात किरकोळ काम. ऐंशी माणसांनी वाक्य कुठं सुरू करायचं, कुठं श्वास घ्यायचा, कुठल्या सुरावर जोर द्यायचा, हे एका मनानं ठरावं लागतं. ख्यालात ते गवई ठरवतो आणि तबलजी त्याच्याबरोबर जातो, तुमचं अगदी बरोबर. पण तिथं दोन-चार माणसं असतात. ऐंशी जणांची बढत डोळ्यांनी होत नाही.

कार्लो मारिया जुलिनी (१९१४–२००५) तर व्हिओलावादक. रोमच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून त्यानं ब्रूनो वॉल्टरसारखे मोठमोठे कंडक्टर जवळून पाहिले. युद्धात फॅसिस्ट सैन्यासाठी लढायचं नाही म्हणून नऊ महिने लपून राहिला, आणि १९४४ मध्ये रोम मुक्त झाल्यावर त्याच ऑर्केस्ट्रापुढे काठी घेऊन उभा राहिला. त्याचं संगीत संथ असतं, काहींना फारच संथ वाटतं. मला ते विलंबित वाटतं, आणि विलंबितात श्वास कळतो.

---

मिलानो_मुक्कामी

नोकरीनिमित्त नऊ वर्षं मिलानमध्ये आहे. ला स्कालाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बसून ऐकतो. इथं त्याला ‘लोज्जोने’ म्हणतात. स्वस्त जागा, मान वाकवून पाहावं लागतं, पण जाणकार तिथंच सापडतात. आपल्याकडे पूर्वी नाटकाला पिटात बसणारे दर्दी असत तसे. आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. एकदा शेजारच्या आजोबांनी मध्यंतरात मला वेर्दीची एक ओळ दोनदा गुणगुणून दाखवली, एकदा आजच्या कंडक्टरनं केली तशी आणि एकदा ‘हवी होती तशी’. फरक फक्त श्वास घेण्याच्या जागेचा होता! उभा_छेद, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

तोस्कानिनीबद्दल दोन गोष्टी. २५ एप्रिल १९२६, पुच्चिनीच्या ‘तुरान्दोत’ या ऑपेराचा पहिला प्रयोग. पुच्चिनी १९२४ च्या नोव्हेंबरात गेला होता, शेवट अपुरा राहिलेला, तो आल्फानो या दुसऱ्या रचनाकारानं पुरा केलेला. त्या रात्री लिऊ या पात्राच्या मृत्यूपाशी, पुच्चिनीचं हस्तलिखित संपतं तिथं, तोस्कानिनीनं काठी खाली ठेवली, प्रेक्षकांकडे वळून इथं रचनाकार गेला असं सांगितलं, आणि पडदा पडला. पुरा केलेला शेवट दुसऱ्या प्रयोगापासून वाजला.

दुसरी गोष्ट १४ मे १९३१ ची, बोलोन्या. मैफलीआधी फॅसिस्टांचं गीत वाजवायला त्यानं नकार दिला. नाट्यगृहाच्या दारातच त्याला थोबाडीत मारण्यात आली. ६४ वर्षांचा माणूस. त्यानंतर पंधरा वर्षं त्यानं इटलीत काठी उचलली नाही. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ला स्काला उद्ध्वस्त झालं होतं, ते परत बांधून ११ मे १९४६ ला उघडलं तेव्हा तोच आला, रोस्सिनीच्या ‘चोरट्या मॅगपाय’ची सुरावट घेऊन. आत जागा पुरेना म्हणून बाहेर चौकात कर्णे लावले होते. त्या चौकातून मी रोज कामाला जातो.

आणि मिलानला याल तर ‘कासा वेर्दी’ पाहाच. वृद्ध गायक-वादकांसाठी वेर्दीनं स्वतःच्या पैशानं बांधलेलं घर. इमारत १८९९ मध्ये तयार झाली, पण आपले आभार मानायला कुणी येऊ नये म्हणून आपल्या मृत्यूनंतरच ते उघडावं अशी त्याची इच्छा होती. तो १९०१ मध्ये गेला, १९०२ मध्ये पहिले रहिवासी आले. आजही तिथं निवृत्त कलावंत राहतात. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी कधी पियानो, कधी पिकलेला पण सुरातला गळा ऐकू येतो.

---

कैरीची_डाळ

लिऊपाशी थांबल्याचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. आपल्या झुबिन मेहतांनी ‘तुरान्दोत’ आधी फ्लॉरेन्सला आणि मग १९९८ मध्ये थेट बीजिंगच्या राजवाड्यात सादर केलं होतं ना?

---

मंद्रसप्तक

हो. मुंबईत जन्मलेले मेहता १९८५ पासून तीस वर्षांहून जास्त काळ फ्लॉरेन्सच्या ‘माज्जो म्युझिकाले’ या संगीत महोत्सवाचे प्रमुख कंडक्टर होते. त्यांचे वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. क्लाउदियो आब्बादोचे (१९३३–२०१४) वडीलही मिलानमधले व्हायोलिनवादक आणि शिक्षक. ही दोन व्हायोलिनवादकांची मुलं व्हिएन्नात एकाच गुरूकडे शिकत होती. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला मिळत नसत, म्हणून दोघांनी समूहगायनाच्या पथकात नाव घातलं आणि बासच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या पुरुषांच्या, रांगेत उभं राहून गाता गाता कंडक्टरचे हात न्याहाळले. पुन्हा गळाच! काठीकडे जायचा रस्ता गाण्यातून गेला.

---

कडक_बुंदी

अजून पागानिनीचं नाव कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. निकोलो पागानिनी (१७८२–१८४०), एकट्या व्हायोलिनसाठीचे अतिशय अवघड २४ काप्रीचो रचणारा, व्हायोलिनचा बादशहा. तुमची ‘श्वासा’ची व्याख्या त्याला लागू पडत नाही. तिथं निव्वळ बोटांची करामत आहे, आणि त्यात वाईट काय?

---

तानपुऱ्याची_जवारी

मलाही आधी तसंच वाटायचं. पण तो मिळवायचा ते यश एका तारेवरही मिळवायचा. बाकीच्या तारा बाजूला ठेवून फक्त जाड चौथ्या तारेवर रोस्सिनीच्या ‘मोझे’मधली प्रार्थना घेऊन त्यानं बदलफेरी, म्हणजे एकाच चालीची बदलत जाणारी रूपं, रचल्यात. ती सुरुवात ऐका, अगदी बाईच्या खर्जातल्या गळ्यासारखी येते. करामत पुढे आहे, पण गाणं आधी आहे.

त्याच्या वाट्याला आलेलं मरणोत्तर हाल मात्र वाचवत नाहीत. सैतानाशी करार केला म्हणून वाजवतो, अशी अफवा आयुष्यभर पाठीशी. १८४० मध्ये नीसला वारला, शेवटचे धर्मसंस्कार झाले नव्हते, तर तिथल्या बिशपनं दफनाला परवानगी नाकारली. देह इकडून तिकडे फिरत राहिला. पार्माच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती १८७६ मध्ये, ३६ वर्षांनी. ‘तोफ’ या नावानं ओळखलं जाणारं त्याचं, ग्वार्नेरी या कारागिरानं १७४३ मध्ये घडवलेलं व्हायोलिन त्यानं आपल्या जेनोवा शहराला दिलं. ते आजही तिथं आहे.

---

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. माझे आजोबा चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकले. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणायचे. आधी सोल्फेज, म्हणजे दो रे मी तोंडानं म्हणायचं. ते पाठ नसेल तर वाद्याला हात लावू देत नसत. ही स्वरनामं अकराव्या शतकातल्या ग्वीदो या इटालियन भिक्षूनं बसवलेल्या पद्धतीतली. आमच्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. अशा शाळांतून शिकलेले कितीतरी गोवेकर मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले.

आजोबा गावच्या लादाईनीला, म्हणजे घराघरांतल्या प्रार्थनेला, व्हायोलिन वाजवायचे. नव्वदीत हात थरथरायचा, पण गज तारेवर टेकला की थरथर थांबायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक शब्दाची गंमत: इटालियन ‘माएस्त्रो’, पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, आपला ‘मेस्त्री’ आणि आपला ‘मास्तर’, चौघांचं मूळ एकाच लॅटिन शब्दात.

---

उभा_छेद

मंद्रसप्तक, मिलानो_मुक्कामी, दोघांचे मनापासून आभार. आता सुरुवात कुठून करू? तासभर बसू शकतो, चांगले हेडफोन आहेत.

---

मंद्रसप्तक

कोरेल्लीच्या पाचव्या संग्रहातला बारावा सोनाटा, ‘ला फोलिया’, १७०० साली छापलेला. आठ-दहा मिनिटांचा आहे. एक संथ ओळ आणि तिच्यावरच्या बदलफेरी, त्यामुळे आपल्या कानाला वाट लगेच सापडते. मग विवाल्दीचा ‘ग्लोरिया’, चर्चमधलं समूहगायन. विवाल्दीची बहुतेक हस्तलिखितं दोनशे वर्षं बेपत्ता होती. १९२६ मध्ये इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातल्या एका धार्मिक शाळेला दुरुस्तीसाठी पैसे हवे होते म्हणून जुन्या वह्या विकायला काढल्या, तेव्हा त्या सापडल्या. तुरीनच्या ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. फोआ आणि जोर्दानो या दोन गृहस्थांनी त्या विकत घेऊन दिल्या. दोघांचेही लहान मुलगे वारले होते. संग्रहांना त्या मुलांची नावं आहेत. वह्यांचं मोल ओळखणारे प्राध्यापक जेन्तीली ज्यू होते, १९३८ च्या वंशकायद्यांनी त्यांची नोकरी गेली. १९३९ मध्ये सिएनात ‘ग्लोरिया’ परत गायला गेला. हे सगळं डोक्यात ठेवून पहिला सूर ऐका.

शेवटी वेर्दीच्या ‘त्राव्हियाता’ची सुरुवात, तोस्कानिनीची. व्हायोलिनं अगदी वरच्या सुरात, ऐकू येईल न येईल अशी सुरू होतात. ओरखडा कुठंच नाही.

---

उभा_छेद

काल रात्री ‘ला फोलिया’ तीनदा ऐकली. तुमच्या गुरुजींना ऐकवलीत का कधी?

---

मंद्रसप्तक

ऐकवली, मागच्या गुरुवारी. फोनवर चित्रफीत होती. पहिली संथ ओळ संपली तशी त्यांनी थांबवायला लावली आणि ती ओळ परत लावायला सांगितली. असं चार वेळा. चौथ्यांदा त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि वादकाच्या उजव्या मनगटाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, काढ व्हायोलिन, सा लाव.